हिंगोलीचा हरिसिंग, ठगांची मुले आणि 'कल्याणा'चा कायदा

इतिहासप्रेमींच्या वर्तुळात हिंगोलीचा हरिसिंग वारंवार जिवंत होतो. फिलिप मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेतील ही कथा आहे. हरिसिंग हा हिंगोलीच्या छावणीतील प्रतिष्ठित व्यापारी. इंग्रज अधिकाऱ्यांशी त्याचा नित्याचा व्यवहार. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला, वाटेत त्या कापडाच्या खऱ्या मालकाला सोबत्यांसह ठार केले आणि तोच माल त्याच परवान्यावर छावणीत आणून उघडपणे विकला. पहाऱ्याच्या चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली, असे टेलर लिहितो.

कथा थरारक आहे. तिच्या शेवटी 'मग स्लीमन आला आणि ठगी संपली' हे वाक्य येते आणि सांगणारा थांबतो. हा थ्रेड तिथून पुढचा आहे. ठग पकडले गेले, काही फासावर गेले, काही माफीचे साक्षीदार झाले. त्यांच्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न या कथेत कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर हिंगोलीहून जबलपूरला, तिथून सोलापूरला आणि पुन्हा आजच्या हिंगोलीला, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचते.

आधी कायदा पाहावा. कंपनी सरकारच्या १८३६ च्या तिसाव्या कायद्याने एक विलक्षण गोष्ट केली. आरोपी कधीतरी, कुठेतरी, कंपनीच्या हद्दीत किंवा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. त्याने कोणाला मारले, केव्हा मारले, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. हिंगोली तर निजामाच्या मुलखात. तरीही तो 'हद्दीबाहेर' हा शब्द हिंगोलीला पुरून उरला. आणि हा पुरावा बहुतांशी माफीच्या साक्षीदारांच्या तोंडचा होता, म्हणजे स्वतःचा गळा वाचवण्यासाठी इतरांची नावे घेणाऱ्यांच्या. हरिसिंगच्या कापडाची गोष्टही त्याच्या स्वतःच्या कबुलीवरच उभी आहे. राधिका सिंघांसारख्या अभ्यासकांनी या प्रक्रियेची जी चिरफाड केली आहे, ती स्लीमनच्या चाहत्यांनी एकदा तरी वाचावी.

गुन्ह्याऐवजी गोतावळा सिद्ध करायचा, हे एकदा ठरले की मुलांचा प्रश्न आपोआप उभा राहतो. गोतावळ्यात मुलेही असतातच. जबलपूरला १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' उभी राहिली. साक्षीदार झालेले ठग आणि त्यांचे मुलगे तिथे तंबू शिवू लागले, गालिचे विणू लागले. बापाची विद्या पोराने शिकू नये, म्हणून पोराला पहाऱ्यात ठेवावे, असा त्यामागचा विचार होता. या मुलांवर कसलाही आरोप नव्हता. त्यांचा अपराध एवढाच, की ते अमुक माणसाचे मुलगे होते.

जबलपूरमध्ये मूल आणि बाप निदान एकाच आवारात होते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ताटातूट पुढच्या पायरीवर आली.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमाती कायदा झाला. सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, हा युक्तिवाद विधेयकाच्या चर्चेत गंभीरपणे मांडला गेला. ठगांविषयी जे एका टोळीपुरते म्हटले गेले होते, ते आता अख्ख्या जमातींविषयी म्हटले जाऊ लागले. या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. ज्या जमातीला कायमचे वसतिस्थान नाही, तिच्याविषयी प्रांतिक सरकारने दोन गोष्टी कळवायच्या होत्या: ती जमात एखादा कायदेशीर व्यवसाय करते काय, आणि करत असल्यास तो तिचा खरा व्यवसाय आहे की गुन्हे करण्यासाठी घेतलेले सोंग आहे. म्हणजे टोपल्या विणणारा, मीठ वाहणारा, अस्वल खेळवणारा, जाते टाकवणारा, यांनी आपले पोट कशावर भरते हे दाखवले तरी ते खरे की खोटे हे ठरवणार सरकार. हा 'सोंग' शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याचा मार्ग खुला झाला. १९११ मध्ये हा कायदा नव्याने झाला, सबंध ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करण्याजोगा झाला आणि मुंबई इलाख्याच्या हाती आला. त्यात सतराव्या कलमाने सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना पालकांपासून काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा शाळेत ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला दिला. या कलमात न्यायालयाचे नाव नाही. आईने मारहाण केली का, बापाने उपाशी ठेवले का, असा एकही प्रश्न नाही. मुलाच्या वयावरून वाद झाला तर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा शब्द अखेरचा. पारध्याच्या आईने 'पोर पाचच वर्षांचे आहे' म्हटले आणि साहेबाला ते सात वर्षांचे वाटले, तर ते सात वर्षांचे.

सोलापूरच्या 'सेटलमेंट'ची हकिगत मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. शहरात ते नाव वस्तीला अजून चिकटलेले आहे. काटेरी तारांच्या आत पारधी, कैकाडी, भामटे अशा अनेक जमातींची कुटुंबे, रोजची हजेरी, बाहेर जायचे तर पास, आणि मोठ्यांची मजुरी शहरातल्या कापडगिरण्यांत. मिशनरी संस्थांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी हे काम मनापासून परोपकार समजून केले. ओ. एच. बी. स्टार्ट हा मुंबई इलाख्यातील अधिकारी काही क्रूर माणूस नव्हता. उलट त्याला या मुलांविषयी खरी कळकळ होती, असेच त्याच्या लिखाणावरून दिसते. मद्रास इलाख्यात साल्व्हेशन आर्मीने स्टुअर्टपुरम वसवले, तिथेही उपदेश, शिस्त आणि शाळा यांचे हेच मिश्रण होते. मीना राधाकृष्ण यांचा 'डिसऑनर्ड बाय हिस्टरी' हा ग्रंथ त्याचा तपशील देतो. खलनायक शोधणाऱ्या वाचकाची इथे निराशा होईल. या इतिहासातील बहुतेक माणसे मुलांचे भलेच करायला निघालेली होती.

निजामाच्या हैदराबाद राज्याचा स्वतःचा गुन्हेगार जमाती कायदा होता. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके त्याच राज्यात. एकेकाळी बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहून सैन्ये पोसणारा लमाण समाज रेल्वे आल्यावर आणि मिठाचा व्यापार सरकारने ताब्यात घेतल्यावर बेकार झाला आणि बेकार झाल्यावर संशयित ठरला. भंग्या भुक्या यांनी निजामाच्या राज्यातील लंबाडा समाजाचा जो इतिहास लिहिला आहे, तो मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असायला हवा. हिंगोलीत घोडदळाच्या कवायतींची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत. तांड्यांची आठवण ठेवणारे तांड्यांतच उरले आहेत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. विमुक्त समाज हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पाठ्यपुस्तकी इतिहास इथे पूर्णविराम देतो. ही दुसरी चूक. पहिली हरिसिंगपाशी थांबण्याची.

कायदा गेला, त्यातली भाषा मात्र घरे बदलत राहिली. १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा उघडून पाहावा. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, वस्तू विकायला धरणे, अशा कोणत्याही 'सोंगा'खाली भीक मागणे म्हणजे भीक. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे, तेही भीकच. वासुदेव, डोंबारी, गोंधळी, कुडमुडे जोशी यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा पुन्हा एकदा सोंग ठरला. ८८ वर्षांनी तोच शब्द परत आला. आणि अशा माणसाला भिक्षेकरीगृहात डांबले तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलाला बाल न्यायालयाकडे धाडण्याची सोयही या कायद्याने ठेवली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ज्या राज्याच्या जुन्या नावाने हा कायदा ओळखला जातो, तिथे तो उभाच राहिला.

आता २०१५ चा बाल न्याय कायदा. हा कायदा चांगला आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. मुलाचे संगोपन ही प्रथम कुटुंबाची जबाबदारी, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, मुलाला घरी परत नेणे हेच बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट, हे सारे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती असते. मूल सापडल्यापासून २४ तासांत तिच्यापुढे हजर करावे लागते. समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पण 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' कोण, हे सांगणाऱ्या व्याख्येचे पहिलेच उपकलम काय म्हणते? ज्याला घर नाही किंवा कायमचे वसतिस्थान नाही आणि उदरनिर्वाहाचे उघड साधन नाही, असे मूल. पुढच्याच उपकलमात भीक मागताना किंवा रस्त्यावर राहताना सापडलेले मूल येते.

'कायमचे वसतिस्थान नाही' हा १८७१ च्या कायद्यातला शब्दप्रयोग. 'उदरनिर्वाहाचे उघड साधन नाही' ही १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फिरस्त्यांवर लावलेली कसोटी. हेतू बदलला, हे मान्य. तिकडे शिक्षा होती, इकडे संरक्षण आहे. परंतु पालावर राहणाऱ्या आईच्या डोळ्यांदेखत पोर गाडीत बसवले जाते, तेव्हा तिला हा फरक कोणत्या कलमावरून कळावा?

हिंगोली जिल्ह्यात ही व्याख्या कोणाला लागू पडू शकते, याचा विचार करावा. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला माणसे निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल अंगावर, मुक्काम कारखान्याच्या परिसरात किंवा फडालगत पाचटाच्या खोपीत. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचे हेच. या मुलांना पाच-सहा महिने कायमचे वसतिस्थान नसते आणि आईबापांच्या साधनाला 'उघड' म्हणावे असा कागदही नसतो. कायद्याचे अक्षर पाहिले तर यांतले कोणतेही मूल समितीपुढे नेता येईल. यातली बहुतेक मुले नेली जात नाहीत, याचे श्रेय कायद्याच्या शब्दांना नाही. अधिकाऱ्यांच्या समजूतदारपणाला किंवा निव्वळ कामाच्या बोज्याला आहे. आणि ज्यांच्या बाबतीत हा समजूतदारपणा आटतो ती घरे बहुतेक वेळा पारध्याची, डोंबाऱ्याची, मसणजोग्याची असतात. बागायतदाराच्या घरी लेकरू मार खाते तेव्हा तो 'घरातला प्रश्न' असतो; सिग्नलवर फुगे विकणाऱ्या आईच्या कडेवरचे लेकरू मात्र 'तिचेच कशावरून?' या प्रश्नाला पात्र ठरते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मग भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांचे काय, विकल्या गेलेल्या मुलांचे काय, दारू पिऊन पोराचा हात मोडणाऱ्या बापाचे काय? आक्षेप खरा आहे. अशा घरातून मूल बाहेर काढलेच पाहिजे आणि तेही तत्काळ. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला याच कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, ती योग्यच आहे. मुद्दा वेगळा आहे. हात मोडणे हे कृत्य आहे. घर नसणे हे कृत्य नाही. कायद्याने दोहोंना एकाच व्याख्येच्या पोटात बसवले आणि निवड करण्याचे काम रस्त्यावरच्या शिपायावर सोडले. ठगीच्या कायद्याने हेच केले होते.

जगात इतरत्र काय घडले, तेही ताडून पाहावे. स्वित्झर्लंडसारख्या देशात १९२६ ते १९७३ या काळात 'प्रो युव्हेंटुटे' नावाच्या नामांकित बालकल्याण संस्थेने येनिश या भटक्या समाजाची सुमारे ६०० मुले आईबापांपासून काढली आणि अनाथगृहांत, परक्या घरांत ठेवली. भटकेपणा हा मुलांसाठी धोका, एवढेच कारण. १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. ऑस्ट्रेलियात पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. अमेरिकेने मात्र माफीपेक्षा उपयोगाची गोष्ट केली. तिथे मूलनिवासी मुलांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा घरांपासून तुटल्याचे उघड झाल्यावर १९७८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. कुटुंब टिकवण्यासाठी आपण प्रत्यक्ष काय काय प्रयत्न केले, हे मूल काढू पाहणाऱ्या यंत्रणेने न्यायालयात दाखवायचे. आणि मूल काढावेच लागले तर आधी नातलग, मग त्याच जमातीतले दुसरे कुटुंब, परके घर सर्वांत शेवटी. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कायम राखला. भारताच्या विमुक्त जमातींसाठी असा एकही कायदा नाही. माफी तर कोणीच मागितलेली नाही, आणि ती ब्रिटिशांनी मागावी की भारतीय प्रजासत्ताकाने, हा वादही अजून सुरू झालेला नाही.

आपल्याकडे जे घडले ते याच्या उलट टोकाचे आणि तितकेच उथळ होते. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना लिहिले, की बालगृहांतील मुले शक्यतो १०० दिवसांत कुटुंबांकडे परत पाठवावीत. देशातील बालगृहांतल्या २.५६ लाख मुलांपैकी सुमारे १.८४ लाख, म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक, या आठ राज्यांत होती. आकडा धक्कादायक खरा. एवढ्या मुलांना घरे आहेत असे आयोगालाच वाटत असेल, तर ती मुले बालगृहांत पोहोचली कशी? पण उपाय पाहा: पुन्हा ठोक आदेश. कोणते घर सुरक्षित, कोणत्या घरात चूल पेटते, हे प्रत्येक मुलापुरते तपासण्याऐवजी दिवसांची मुदत. मुले काढताना जमात पाहिली, परत करताना दिनदर्शिका पाहिली. मूल कोणीच पाहिले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी परतलेल्या मुलांना शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्यास सांगितले, तेव्हा कुठे या प्रश्नात पैशाचा विषय आला.

पैसा हाच इथे कळीचा विषय आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दारिद्र्य हे मूल काढण्याचे एकमेव कारण कधीही असू नये, असे आहे. त्या कुटुंबाला आधार द्यावा. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. योजना आहेत, पण त्यांसाठी लागतात रहिवासी दाखला, शिधापत्रिका, बँक खाते. ज्याला कायमचे वसतिस्थान नाही म्हणून समितीपुढे आणले, त्याला कायमचे वसतिस्थान नाही म्हणून मदतही मिळत नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांची कल्पना त्या मानाने शहाणी होती: पोर आजीजवळ झोपेल, शाळेत जाईल, दोन वेळचे जेवण सरकार देईल. घर न मोडता मूल सांभाळण्याचा हा मार्ग प्रशासनाला सुचला होता, म्हणजे तो अशक्य नाही.

समाजाने स्वतः केलेले प्रयोगही आहेत. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने भीक मागणाऱ्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा उभी केली. इथेही मुले घराबाहेर राहतात. पण बोलावणारा त्यांचाच माणूस, भाषा त्यांचीच. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत या शाळेच्या काही वास्तू आल्या आणि २०१९ मध्ये पाडल्या गेल्या.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. व्याख्येतून घर नसणे आणि साधन नसणे ही कारणे काढावीत. दुर्लक्ष, छळ, विक्री, शोषण ही कृत्ये ठेवावीत. बाल कल्याण समितीने मूल घरी न पाठवण्याचा आदेश काढला, तर कोणती मदत देऊ केली होती आणि ती का अपुरी पडली, हे त्या आदेशातच लिहावे. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते, पण ज्या आईला आदेशाची प्रतच वाचता येत नाही तिचे तीस दिवस असेच जातात. म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्या बैठकीपासून पालकांच्या बाजूला बसलेला हवा, मागितल्यावर मिळणारा नको. पारधी पोराचा आणि त्याच्या आईचा जबाब त्यांच्या बोलीत, लमाण तांड्यावरच्या बाईचा गोरमाटीत नोंदवला जावा, दुभाष्यासह. ज्या जिल्ह्यात तांडे आणि पाल आहेत, तिथल्या समितीच्या पाच जणांत एक तरी माणूस त्या समाजातला असावा. हिंगोलीत असा माणूस शोधायला फार लांब जावे लागणार नाही. २०२१ च्या दुरुस्तीने समित्यांवरील देखरेख जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिली आहे. १९११ च्या सतराव्या कलमात अखेरचा शब्द ज्याचा होता, तेच हे पद. त्या कार्यालयात आता दर तिमाहीला समितीचा अहवाल जातो. त्या अहवालात किती मुले 'सोडवली' याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा: किती मुलांचे आईबाप जिवंत आहेत, त्यांपैकी किती जण कोणत्या जमातीचे, आणि त्यांना पोराला शेवटचे केव्हा भेटू दिले.

#थ्रेड #हिंगोली #विमुक्त_दिन #मराठवाड्याचा_इतिहास